होळीच्या सुटीनंतर

नंदुरबार जिल्ह्यात मतिमंद मुलांच्या निवासी शाळेत ज्याने उमेदीची वर्षे घालविली, त्याला वर्षाची दोन पंचांगे सांभाळावी लागतात. एक सरकारी, जे जूनमध्ये सुरू होते आणि हजेरीपत्रक, अनुदान व तपासणी यांच्या मुदतींनी पुढे सरकते. दुसरे सातपुड्याचे, जे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघणाऱ्या बिऱ्हाडांबरोबर ओसरते आणि होळीपूर्वीच्या भोंगऱ्या बाजारांबरोबर पुन्हा भरास येते. अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांत होळी हा एका रात्रीचा सण नव्हे. परमुलखी गेलेली माणसे त्यासाठी पाड्यावर परततात, काठीच्या राजवाडी होळीला डोंगरोडोंगरीचे लोक लोटतात, आणि आपले लेकरू, ते कोणत्याही शाळेत व कोणत्याही अवस्थेत असो, त्या दिवसांत घरी असलेच पाहिजे, असा आईबापांचा आग्रह असतो. आमची मुलेही जात. ती परत आली म्हणजे त्यांच्या हातांत काय उरले आहे हे पाहण्याचा जो प्रसंग दरसाल येई, त्याने मला माझ्या पेशाविषयी जितके शिकविले तितके प्रशिक्षणाच्या कोणत्याही अभ्यासक्रमाने शिकविले नाही.

माघ महिन्यात ज्या मुलाने सदऱ्याची सर्व बटणे ओळीने अचूक लावावीत, त्याने होळीनंतर काजे कोणत्या बाजूला असतात हेही विसरून जावे. आणि ज्याचा सराव पाहताना हा मुलगा मागेच राहणार असे कोणालाही वाटावे, ज्याच्या हातून पदोपदी चूक व्हावी, त्याने मात्र पाड्यावरून परतताना आपली विद्या जशीच्या तशी, क्वचित थोडी वाढवूनही आणावी, हा विपरीत प्रकार इतक्यांदा नजरेस आला की त्याला योगायोग म्हणणे अशक्य झाले. मुलांच्या बुद्धीच्या मापात त्याचे कारण सापडेना.

हे माप आमच्याकडे दाखल्यावर लिहिलेले येते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा धुळे जिल्ह्यापासून वेगळा जिल्हा झाला, त्यापूर्वी या दाखल्यासह जिल्ह्याच्या प्रत्येक कामासाठी अक्राणीतील धडगावच्या माणसाला सारा डोंगर उतरून, तापी ओलांडून धुळ्याची वाट धरावी लागे. आता निदान हे अंतर कमी झाले आहे. दाखल्याच्या पूर्वीच्या सरकारी कोष्टकात बुद्ध्यंक ५० ते ६९ असला म्हणजे सौम्य, ३५ ते ४९ म्हणजे मध्यम, २० ते ३४ म्हणजे तीव्र आणि त्याखाली अतितीव्र असे चार विभाग असून, त्यांस अनुक्रमे ५०, ७५, ९० व १०० टक्के असे आकडे नेमून दिलेले होते. सवलती, निवृत्तिवेतन आणि शाळाप्रवेश यांसाठी हा दस्तऐवज अपरिहार्य आहे, आणि तो मिळविताना आईबापांनी जे हेलपाटे घातलेले असतात ते मी पाहिलेले असल्यामुळे त्याला कमी लेखण्याचे माझ्या मनात कधी आले नाही. परंतु ७५ टक्क्यांच्या दोन मुलांपैकी एकाचे शिकणे टिकते आणि दुसऱ्याचे टिकत नाही, याचा उलगडा त्या कागदावरून होत नाही. तो झाला तो, प्रत्येकाचा सराव कोणत्या पद्धतीने घेतला गेला होता, हे पडताळू लागल्यावर.

विशेष शाळांतून सर्वत्र रूढ असलेली पद्धत अशी की, एक कृती घ्यावी, तिचे लहान लहान टप्पे पाडावेत, आणि एकेक टप्पा त्याच जागी, त्याच वस्तूने, त्याच क्रमाने, तो बिनचूक होईपर्यंत पुन:पुन्हा करून घ्यावा. या पद्धतीमागे सबळ कारणे आहेत. आमच्या मुलांचे लक्ष लवकर विचलित होते; एका वेळी दोन सूचना दिल्या तर पहिली नाहीशी होते; डाऊन लक्षणसमूहाच्या मुलांचे स्नायू मुळातच शिथिल व सांधे सैल असल्यामुळे हालचालीला लागणारा ताण त्यांना उशिरा सापडतो; आणि ज्यांना जन्मवेळी श्वास कोंडल्यामुळे किंवा पुढे वारंवार फिट आल्यामुळे मेंदूला इजा पोचली आहे, त्यांच्या हाताला आज जमलेले उद्या पुन्हा जमवावे लागते. अशा मुलाला एकच गोष्ट एकसारखी करू दिली म्हणजे ती पाहता पाहता सुधारते, मूल हसते, शिक्षकाला समाधान वाटते आणि प्रगतीपुस्तकात चांगला शेरा पडतो. अडचण इतकीच की सरावाच्या वेळी दिसणारी सुधारणा आणि शिकणे या दोन भिन्न वस्तू आहेत, आणि हे सरावाच्या वेळी कळत नाही.

हे केवळ आमच्या मुलांपुरते खरे आहे असेही नाही. १९७९ साली जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन या अमेरिकन संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हातात चेंडू घेऊन लाकडी फळ्या ठराविक क्रमाने पाडावयास शिकविले. क्रम तीन होते. काहींनी पहिला क्रम पुरता घोटून मग दुसरा घेतला, काहींनी तिन्ही क्रम सरमिसळ करून केले. सराव चालू असताना घोटणारे विद्यार्थी उघड उघड सरस ठरले. परंतु दहा मिनिटांनी, आणि पुन्हा दहा दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा सरमिसळ करणारे पुढे निघून गेले होते. आदल्याच वर्षी कर आणि बूथ यांनी लहान मुलांकडून कापडी पिशव्या लक्ष्यावर टाकण्याचा सराव घेतला होता. आठ वर्षांच्या मुलांतील एका गटाने तीन फुटांवरूनच सराव केला, दुसऱ्याने दोन व चार फुटांवरून. आणि तीन फुटांच्या परीक्षेत सरस ठरला तो, त्या अंतरावरून एकदाही सराव न केलेला दुसरा गट. या निष्कर्षांची बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांवर पडताळणी झाली तेव्हा मात्र उत्तरे एकसारखी आली नाहीत. कोठे सरमिसळ उपकारक ठरली, कोठे नाही. माझा अनुभव या दोहोंच्या मधला आहे, आणि तो सांगावयाचा तर एका मुलाची हकीकत थोड्या विस्ताराने सांगितली पाहिजे.

हा मुलगा अक्राणी तालुक्यातील एका पाड्यावरचा, पावरी बोलणारा, अंगाने सैल आणि स्वभावाने अतिशय गोड होता. शाळेत मुलांची देखभाल करणाऱ्या आमच्या मावशींनी जुन्या गोधडीच्या कापडाच्या लहान पिशव्या शिवून त्यांत चिंचोके भरले होते. पिशवी हातात दिली की तो हात मागे नेई, जीभ ओठांबाहेर काढून सगळा जीव एकवटी, आणि बोटे नेमकी वेळेवर न सुटल्यामुळे पिशवी त्याच्याच पायाशी पडे. मग तो पिशवीकडे न पाहता आमच्या तोंडाकडे पाही. फसलेल्या प्रत्येक प्रयत्नानंतर तो आमचा चेहरा वाचीत असे, आणि थोड्या वेळाने पिशवी हातात घेण्याचेच नाकारी. ज्या मुलाने आयुष्यभर घरीदारी ‘याला जमत नाही’ हेच ऐकलेले आहे, त्याच्या बाबतीत चुकांतून शिकण्याचा सिद्धांत कामास येत नाही, असे माझे ठाम मत आहे. म्हणून आम्ही त्याच्यापुढे पायापासूनच सबंध गोणपाट अंथरले. आता पिशवी कोठेही पडली तरी ती गोणपाटावरच पडे. मग गोणपाटाची घडी घातली, नंतर सूप ठेवले, नंतर टोपली, आणि शेवटी घमेले, ज्यात पिशवी पडली की धप्प आवाज होई आणि तो आवाज त्याला आमच्या शाबासकीहून अधिक आवडे. पुढे २०१३ साली कॅथरीन कापियो व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच मुलांना फेकण्याचे कौशल्य शिकविताना लक्ष्य मोठ्यापासून हळूहळू लहान करीत नेले असता चुका कमी होऊन शिकणे सुधारते, असे दाखवून दिले, तेव्हा मला झालेला आनंद मोठा होता.

दुसरी गोष्ट सूचनांची. प्रशिक्षणात आम्हाला शरीराच्या हालचालींचे वर्णन करावयास शिकविलेले असते, म्हणून शिक्षक म्हणतो, ‘कोपर वर घे, मनगट सोड’. हा मुलगा ‘कोपर’ ऐकताच कोपराकडे पाहू लागे आणि पिशवीचे भानच हरपे. शिवाय मराठी ही त्याची घरची भाषा नव्हती, तेव्हा प्रत्येक शब्द त्याला आधी समजून घ्यावा लागे. मावशी मोलगीकडच्या असल्यामुळे त्या त्याच्या बोलीत एवढेच सांगत की पिशवीला तिकडे जाऊ दे. त्यांच्या बोटाच्या रोखाने तो टोपलीकडे पाही, आणि हात आपोआप मोकळा होई. हालचाल करणाऱ्याचे लक्ष अवयवावर असण्याऐवजी हालचालीच्या परिणामावर असावे, हे गाब्रिएले वुल्फ यांनी अनेक प्रयोगांनी मांडलेले तत्त्व बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांनाही लागू पडते, असे त्यांनी ब्राझीलमधील सहकाऱ्यांसह २०१३ सालीच पिशव्या फेकण्याच्या प्रयोगातून दाखविले आहे. मावशींचे शिक्षण चौथीपर्यंतचे होते.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. मुलाच्या हाताला आधी काम द्यावे आणि शब्द मागून यावेत, ही आज सर्व बालवाड्यांतून मान्य झालेली दृष्टी मुळात मतिमंद मुलांच्या सहवासातून जन्मली आहे. फ्रान्समध्ये सेगँ यांनी अशा मुलांसाठी जी साधने घडविली, ती मारिया मॉन्टेसरी यांनी रोममध्ये तशाच मुलांसाठी वापरली, आणि त्या अनुभवाच्या बळावर १९०७ साली सर्वसामान्य मुलांसाठी बालगृह उघडले. ती पद्धती आपल्याकडे ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी १९४५ पासून बोर्डीला व पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांपर्यंत नेली, आणि परदेशी साधनांच्या जागी खडे, बिया, पाने व शंखशिंपले आणले. आमच्या पिशव्यांतील चिंचोके त्याच परंपरेतले होते, असे मी मानतो. आणि ज्या मुलांनी जगाला बालशिक्षण शिकविले, त्यांच्याच वाट्याला त्याचा सर्वांत शेवटचा आणि सर्वांत अपुरा हिस्सा यावा, याचे मला मनस्वी दु:ख होते.

घमेल्यात पिशवी बिनचूक पडू लागल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. रूढ रीतीप्रमाणे येथे उद्दिष्ट सफल झाले असे लिहून पुढचे कौशल्य घ्यावयाचे. आम्ही येथून सराव बदलावयास आरंभ केला. आज घमेले जवळ, उद्या लांब. कधी ओट्यावर, कधी खड्ड्यात. पिशवीच्या ऐवजी कधी कापडी चेंडू, कधी लाकडाची ढलपी. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि अधूनमधून जुन्या सोप्या जागी परत यावयाचे, म्हणजे यशाची चव जात नाही. त्याच्या चुका वाढल्या, परंतु आता चुकल्यावर तो आमच्याकडे न पाहता घमेल्याकडे पाहू लागला होता. होळीनंतर परत आला तेव्हा त्याच्या वडिलांनी सांगितले की पोरगा ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसतो आणि पाखरांवर ढेकळे टाकतो. पाखरे उडतात काय, असे मी विचारले. उडतात, ते म्हणाले, आणि त्यांच्या स्वरातील अभिमान मला आजही ऐकू येतो.

परंतु सर्वांत मोलाचा धडा एका मुलीच्या आईने दिला. मुलगी पंधरासोळा वर्षांची; पाणी भरणे हे तिच्यासाठी ठरविलेले उद्दिष्ट. शाळेतील नळाखाली बादली ठेवावी, तोटी फिरवावी, भरत आली की बंद करावी आणि न सांडता न्यावी, हे सर्व तिला उत्तम साधले होते. उन्हाळ्याच्या सुटीनंतर आई आली आणि मावशींच्या मार्फत म्हणाली, ‘पोरगी पाण्यापाशी नुसती उभी राहते. नळ शोधते.’ त्यांच्या पाड्यावर नळ नव्हता. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरा उकरावयाचा, पाणी निवळू द्यावयाचे, वाटीने ते अलगद उपसून फडक्यातून हंड्यात गाळावयाचे, आणि हंडा डोक्यावर घेऊन चढण चढावयाची, ही तेथील पाणी भरण्याची रीत. शाळेतील कृतीशी तिचे साम्य पाणी या एका पदार्थापुरतेच होते.

मग शाळेच्या मागे वाळूचा खड्डा झाला. वाटी, तांब्या, डबा, वाळविलेल्या भोपळ्याचा तुंबा अशी भांडी जमविली. रुंद तोंडाचे पातेले, अरुंद तोंडाची कळशी, आईने आणून दिलेला घरचाच हंडा. वाटी कशी बुडवावी हे शब्दांनी सांगण्याचा प्रयत्न आम्ही केला नाही. मावशी तिच्या हातावर हात ठेवीत, वाटी कडेने तिरकी शिरवीत, गाळ ढवळला तर थांबत. काही दिवसांनी हाताऐवजी फक्त मनगटाला बोट लावीत, आणि मग तेही काढून घेतले. आधार कसा द्यावा हे सारेच शिकवितात, परंतु तो कोणत्या गतीने काढून घ्यावा, हे प्रत्येक मुलाचा हातच सांगतो. तुंबा आणि वाटी रोज आलटून पालटून दिल्यामुळे मुलीची प्रगती नोंदवहीत पहिल्यापेक्षा मंद दिसू लागली. तपासणीस आलेल्या एका अधिकाऱ्यांनी या उतरत्या नोंदीचे कारण विचारले. मी त्यांना खड्ड्यापाशी नेले, त्यांनी बराच वेळ उभे राहून पाहिले, आणि घरी जाऊन आल्यानंतरची नोंद स्वतंत्र रकान्यात ठेवावी अशी सूचना शेऱ्यात लिहिली. ती सूचना अत्यंत योग्य होती. पुढच्या वेळी मुलगी घरून परतली तेव्हा आईची तक्रार एवढीच होती की ती दुसऱ्या कोणाला वाटी घेऊ देत नाही.

बदल प्रत्येकाला मानवतो असे मात्र नाही. तीव्र अक्षमतेचा एक मुलगा आमच्याकडे होता. टोपली नेहमीच्या जागेवरून वीतभर सरकविली तरी तो जमिनीवर बसून कानांवर हात घेई. त्याच्यासाठी आम्ही जागा, वेळ, वस्तू व माणूस यांतील काहीही दीर्घकाळ बदलले नाही, आणि जेव्हा बदलले तेव्हा प्रथम माणूस बदलला, कारण मावशींऐवजी मी बसलो तर त्याला फारसे वावगे वाटत नसे. काम आणि शिकणारा यांच्या मानाने अडचणीचे योग्य प्रमाण ठरलेले असते, ते कमी पडले तर शिकणे होत नाही आणि अधिक झाले तरीही होत नाही, असे ग्वाडाग्नोली आणि ली यांनी २००४ साली मांडले आहे. ते प्रमाण ज्या शिक्षकाला रोज नव्याने शोधावेसे वाटत नाही, त्याने या शाळांत रुजू होऊ नये.

वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली की शाळा सुटते, आणि हा विषय सर्वांत निकडीचा होतो तो तेथे. मार्क गोल्ड या अमेरिकन शिक्षकाने १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, मध्यम व तीव्र अक्षमतेच्या व्यक्ती सायकलचा १५ भागांचा ब्रेक आणि मग २४ भागांचा दुसरा ब्रेक जोडावयास शिकल्याचे नमूद आहे. भागांच्या योग्य बाजूला रंग लावला असता ते अधिक लवकर शिकले. सुरुवातीची मंदगती पाहून अखेरच्या मर्यादेचा निवाडा करू नये, हे इंग्लंडमधील संशोधकांनी त्याच्याही आधी, १९५० नंतरच्या दशकात, सांगितलेले होते. आमच्या जिल्ह्यात ब्रेक जोडण्याचे कारखाने नाहीत. मिरची आहे. हंगामात नंदुरबारच्या भोवती पथारींवर लाल मिरची वाळत पडलेली असते, आणि बाया ढिगांपाशी बसून देठ खुडीत असतात.

शहादे तालुक्यातील आमचा एक माजी विद्यार्थी आज अशा एका पथारीवर बसतो. त्याचा सराव आम्ही शाळेत घेतला नाही. पथारीच्या मालकांची परवानगी काढून तो तेथेच, खऱ्या ढिगापाशी, घेतला. हाताला तेल चोळून, नाकाला फडके बांधून, डाव्या हाताच्या चिमटीत मिरची धरावयाची, उजव्या अंगठ्याचे नख देठाच्या टोपीखाली घालावयाचे आणि किंचित पीळ द्यावयाचा. सकाळी दंवाने मिरची नरम असते, दुपारी ती कुरकुरीत होते आणि जोर अधिक झाला तर फुटून बी सांडते. त्यामुळे एकाच कामात दिवसभर बदलत जाणारा सराव निसर्गानेच पुरविला. उजव्या अंगठ्याला आम्ही आरंभी लाल दोरा बांधीत असू, तो पुढे त्याने स्वत:च सोडून टाकला. त्याचे आजोबा एकदा भेटले तेव्हा अहिराणीत म्हणाले, ‘गुरुजी, आते तो एकला करस.’ वेगात तो शेजारच्या बायांच्या निम्म्यावर आहे, आणि वजनावर मिळणारी मजुरीही त्या मानाने कमी. परंतु ती त्याच्या नावाने लिहिली जाते.

सध्या त्याच्या परतीच्या वाटेचा सराव चालू आहे. सकाळी मोठा भाऊ त्याला पथारीवर आणून सोडतो. संध्याकाळी बसथांब्यापर्यंत तो पुढे चालतो आणि भाऊ मागून. रस्ता ओलांडणे ही त्यातील कठीण गोष्ट, कारण तेथे वाहन कधी येईल याचा नेम नसतो आणि जड वाहनाचा वेग त्याला दुरून कळत नाही. प्रथम रविवारी, बाजार समितीचे व्यवहार बंद असताना, ओलांडून घेतले, मग दुपारी, आता बाजार सुटण्याच्या वेळी. बस कोणती हे तो पाटी वाचून ओळखत नाही, वाहकाला गावाचे नाव सांगून विचारतो. नाव स्पष्ट उच्चारले जावे म्हणून घरातील सारेजण त्याला ते वेगवेगळ्या वेळी, जेवताना, अंघोळीच्या वेळी, झोपण्याच्या आधी, विचारीत असतात.